तोंडाचो लेपो

"गो बाय, तुज्या तोंडाचो लेपो कसो झालो?"

शिमग्याला माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. मालवणच्या मासळी बाजारात सकाळची गर्दी, पायाखाली बर्फाचं पाणी, चपला चपचप वाजताहेत. गॉगल आणि तोंडावरून घट्ट घेतलेली ओढणी असा माझा बंदोबस्त चोख होता. पण भाव विचारायचा तर ओढणी खाली घ्यावी लागायची, कारण त्या दिवसांत माझ्या तोंडून 'प', 'ब', 'म' धड उमटत नव्हते. 'बांगडे' म्हणायला जावं तर ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून नुसती हवा जायची. ओढणी खाली केली, आणि जिच्याकडून आई कित्येक वर्षं मासे घेते तिनं माझ्याकडे एकदा नीट बघून ते वाक्य टाकलं. बाजाराच्या आवाजात, म्हणजे चार पाट्या पलीकडे ऐकू जाईल अशा. "शिरा पडो तुज्या तोंडार, असा विचारतत?" असं शेजारची तिच्यावर खेकसली, आणि मग दोघीतिघी खुदखुदल्या. मीही हसले असते, पण हसले की तोंड आणखीच डावीकडे ओढलं जायचं. तेव्हा काही न बोलता मी समोरच्या वाट्याकडे बोट केलं. तो वाटा नेमका लेप्यांचा, त्या चपट्या माशांचा निघाला.

मी वाकून माशांचे डोळे बघायला लागले, कारण ताजा मासा डोळ्यांवरून आणि कल्ल्यांवरून ओळखायचा हे शिक्षण आम्हांला अक्षरओळखीच्या आधी मिळालेलं. तर तीच बाई म्हणाली, "वरसून काय बघतंस? लेपो परतून बघूचो." आणि तिनं एक लेपा उचलून उताणा केला. खालची बाजू पांढरी स्वच्छ, धुतलेल्या तांदळासारखी. ती बाजू लालसर-पिवळी पडली की मासा गेला म्हणून समजायचं. मी मान डोलावली, पैसे दिले, पिशवी घेतली आणि रिक्षात बसल्यावर डाव्या डोळ्यातून रडले. उजवा डोळा तसाही दिवसभर गळतच असायचा, त्याचा हिशेब नाही.

राग उतरल्यावर राहिली ती वेगळीच टोचणी. उपमा अचूक होती.

त्याच्या चार आठवडे आधी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी डोंबिवलीत चूळ भरताना पाणी ओठातून पिचकारीसारखं आरशावर उडालं. मला वाटलं, झोपेत आहे. चहा घेताना तोही हनुवटीवरून खाली. मग आरशात बघितलं तर उजवी बाजू ओल्या कपड्यासारखी लोंबत होती आणि उजवा डोळा मिटत नव्हता. नवरा गाडी काढेपर्यंत माझ्या डोक्यात एकच शब्द: पक्षाघात. आमच्याकडे त्याला 'वारं गेलं' म्हणतात, आणि लहानपणी मी खरंच समजायचे की खिडकीतून काहीतरी येतं आणि माणसाच्या अंगावरून जातं. डॉक्टरांनी मात्र आधी भुवया वर करायला सांगितल्या. डाव्या कपाळाला आठ्या पडल्या, उजवं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. ते बघून ते चक्क सैलावले. मेंदूतल्या झटक्यात सहसा कपाळ वाचतं, म्हणाले. कपाळही गेलंय म्हणजे बिघाड बहुतेक बाहेरच्या नसेत आहे. बेल्स पाल्सी. चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश शल्यविशारदानं १८२१ मध्ये चेहऱ्याच्या या नसेबद्दल लिहिलं, म्हणून त्याचं नाव. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढलं: कानामागून एक नस निघते, गालात शिरून तिला पाच फाटे फुटतात, कपाळ, डोळा, गाल, हनुवटी, मान. पंजासारखं. कवटीतल्या चिंचोळ्या वाटेत ती सुजते आणि दबते. स्टेरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात थेंब, आणि रात्री पापणी कागदी पट्टीनं चिकटवून झोपायचं. पहिल्या रात्री पट्टी लावण्याआधी मी डोळा मिटायचा प्रयत्न केला, तर नवरा दचकून मागे सरला. पापणी उघडीच, आणि बुबुळ वर सरकून नुसतं पांढरं दिसत होतं. असं होणं नैसर्गिक असतं. बहुतेकांचं बुबुळ मिटताना वर जातं, फक्त वरून पडदा पडलेला असतो म्हणून दिसत नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं. तरी त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपला, हेही खरं.

पुढच्या दिवसांत मला कळलं की लोक माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याशी बोलतात. ऑफिसात, लिफ्टमध्ये, व्हिडिओ कॉलवर. प्रेमानंच. "आता बरंच कमी वाटतंय हां," असं म्हणणाऱ्याची नजर टेबलावर. आणि इथे बाजारात एका बाईनं सरळ तोंडाकडे बघितलं आणि त्याला नाव दिलं. तिला क्षमा करावी असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही पूर्णपणे वाटत नाही. पण एक गोष्ट खटकत राहिली: पंचेचाळीस वर्षं लेपे खाल्ले आणि लेप्याचं तोंड मी एकदाही नीट बघितलं नव्हतं.

ते त्याच दिवशी बघितलं. मागच्या दारी आई आडाळ्यावर, म्हणजे विळीवर बसली होती, शेजारी राखेची करवंटी. लेप्याची कातडी खरखरीत, खवले बारीक आणि करवतीसारखे. ते काढत बसण्यापेक्षा सगळी कातडीच ओढून काढायची. शेपटीकडे एक चीर, बोटांना राख म्हणजे हात सुटत नाही, आणि मग एका दमात, पायमोजा उलटा काढावा तशी. 'सर्रर्र' असा आवाज येतो. इंग्रजीत या जातीला 'सोल' म्हणतात आणि आपण त्याला सोलतोच, हा विनोद मी आईला ऐकवला. ती हसली नाही. तिचं लक्ष माझ्या ओठाकडे होतं.

मी एक लेपा सोलण्याआधी हातात घेतला. वीतभर, जिभेच्या आकाराचा, पुढे गोलसर आणि मागे निमुळता होत गेलेला. शास्त्रज्ञांनीही याच्या प्रजातीला सायनोग्लॉसस हेच नाव दिलंय, ग्रीकमध्ये कुत्र्याची जीभ. वरची बाजू चिखलासारखी तपकिरी. पाठीवरचा पर आणि पोटाखालचा पर दोन्ही कडांनी धावत जाऊन शेपटीत मिसळलेले, त्यामुळे शेपटी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. छातीचे पर नाहीतच. इतर माशांच्या कुशीवर एक रेघ असते, पाण्यातली हालचाल टिपणारी. याच्या वरच्या अंगावर तशा एकाहून जास्त रेघा, वहीचं पान आखावं तशा. पोट म्हणजे डोक्यामागची चिमूटभर जागा; साफ करताना बोटाच्या टोकानं काम होतं. आणि तोंड. नाकाडाचं टोक आकडीसारखं खाली वळलेलं आणि त्याच्या आड जबडा वाकडा होऊन खालच्या बाजूला गेलेला. मी बोटानं चाचपलं, तर बारीक दात लागले ते खालच्या, आंधळ्या बाजूला. वरच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे हा एकाच बाजूनं खातो. मीही त्या दिवसांत डाव्याच बाजूनं खात होते. उजव्या गालात घास अडकून राहायचा आणि तो बोटानं काढावा लागायचा, पाहुण्यांच्या देखत.

दोन्ही डोळे डाव्या अंगावर. मोहरीएवढे, एकमेकांना खेटून.

याचं बालपण सरळ असतं, हे मी नंतर वाचलं आणि दोन दिवस त्यातून बाहेर आले नाही. अंड्यातून निघालेलं लेप्याचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं आणि बाकीच्या माशांसारखंच उभं पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे. वरच्या पाण्यात तरंगतं, बारीकसारीक टिपतं. जेमतेम सेंटिमीटरभर होईतो कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. मग अंगात थायरॉइडचं संप्रेरक वाढतं आणि उजवा डोळा जागचा हलतो. कवटीची कोवळी हाडं पिळवटतात, डोळा माथा ओलांडून पलीकडे जातो आणि डाव्या डोळ्याशेजारी जाऊन बसतो. पिल्लू आडवं पोहायला लागतं, उजव्या कुशीवर तळाला टेकतं, आणि बहुधा पुन्हा कधी उभं राहत नाही. वरची बाजू रंग धरते, खालची पांढरी राहते. थायरॉइडची गोळी मीही रोज सकाळी उपाशीपोटी घेते, एवढ्याशा गोष्टीसाठी. त्याच रेणूच्या जोरावर समुद्रात कुणीतरी आपला डोळा कपाळावरून चालवत नेतंय, हे कळल्यापासून गोळी घेताना पाणी जरा जपून पिते.

मला अडकवून ठेवलं ते डोळ्यापेक्षा कानानं. आपल्यासारखीच माशाच्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. डोकं हललं की ती डोळ्यांना सांगते, सावरा. आता मासा नव्वद अंशांत आडवा झाला, डोळे दोन्ही आकाशाकडे झाले, पण कान डोक्यात होता तसाच राहिला. कालपर्यंतचं डावं-उजवं आज वर-खाली झालंय. मग जुन्या निरोपांनी डोळे चुकीच्या दिशेला फिरायला हवेत. ते फिरत नाहीत, कारण मेंदूतल्या त्या तारा नव्यानं जोडल्या जातात. आतून कुणीतरी वायरमन सगळं उपसून पुन्हा बसवतो. माझ्या गालातला वायरमन इतका हुशार नव्हता, ते पुढे येईल.

या डोळ्यावरून एकदा मोठं भांडणही झालंय. १८७१ मध्ये सेंट जॉर्ज मिव्हार्ट या जीवशास्त्रज्ञानं डार्विनला विचारलं: तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळं हळूहळू घडतं, तर डोळा अर्ध्या वाटेवर असताना त्या माशाला फायदा काय? खाली दबलेला डोळा केसभर सरकून काय उपयोग? प्रश्न चोख होता. डार्विननं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८७२ मधल्या सहाव्या आवृत्तीत उत्तर दिलं की कोवळी पिल्लं कुशीवर पडून खालचा डोळा वर बघण्यासाठी ताणत राहतात आणि त्या सवयीचा परिणाम साचत जातो. आज ते उत्तर वाचताना डार्विनच जरा अडचणीत सापडलेला दिसतो. खरा पुरावा यायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. इटलीत व्हेरोनाजवळच्या मोंते बोल्का इथल्या, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांतले मासे युरोपातल्या संग्रहालयांत जुनेच पडून होते. मॅट फ्रीडमन या तरुण संशोधकानं ते पुन्हा तपासले आणि २००८ मध्ये दाखवून दिलं की दोन जातींत डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर आहे. एक डोळा आपल्या जागी, दुसरा माथ्याकडे सरकलेला पण पलीकडे न गेलेला. आणि हे अर्धवट मासे वयानं पूर्ण वाढलेले होते. तसेच जगले, तसेच मेले.

हे वाचताना मला आपला भाकस आठवला. लेप्याचाच दूरचा थोरला भाऊ, जाडजूड, मोठ्या तोंडाचा, दातेरी. भाकसाचा सरकलेला डोळा आजही जेमतेम डोक्याच्या कडेवर येऊन थांबलेला असतो, आणि तो डावीकडे जावा की उजवीकडे याचा नियमही त्याच्यात पक्का नाही. एक भाकस डावा, दुसरा उजवा. म्हणजे जे बघायला मिव्हार्टसाहेबांना इटलीचे दगड हवे होते, त्याचा एक नमुना आपल्या बाजारात बर्फावर पडलेला असतो आणि आपण विचारतो, तुकडे किती पडतील.

आई मात्र या सगळ्यावर एवढंच म्हणाली, "देवान थंय ठेवल्यान, तो थंयचो झालो."

'थंय' म्हणजे तिथे, आणि लेप्याचं 'तिथे' म्हणजे तळ. आपल्या किनाऱ्यालगतचा बराचसा तळ मऊ गाळाचा आहे, मधूनच वाळू. लेप्याला बाकीच्या माशांसारखी तरंगायला हवेची पिशवी नसते. पोहणं थांबलं की तो खाली बसतो, आणि त्याला तेच हवं असतं. कडेचे पर लाटेसारखे हलवून तो अंगावर गाळ उडवून घेतो, बाहेर राहतात फक्त दोन डोळे. खातो काय, तर चिखलातले केसासारखे किडे, बारीक कोळंबीवर्गीय जीव, तळावर साचलेलं किडूकमिडूक. लहानपणी बाबांबरोबर सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यातून चालताना पायाखालची जमीन एकदा अचानक निसटली होती. थंडगार, स्नायूंची, जिवंत. मी किंचाळले आणि बाबा म्हणाले, "लेपो. तूच त्येच्यार पाय दिलंस, बोंब कित्याक मारतंस?" 'सोल' या नावाच्या मुळाशी चप्पल आहे, लॅटिन 'सोलिया', हे कळलं तेव्हा तळव्याला तो स्पर्श जसाच्या तसा आठवला.

त्या तळावरून आता लोखंडी फळ्या लावलेली ट्रॉलरची जाळी फिरतात, गाळ खरवडत. जून-जुलैचे दोन महिने बंदी, बाकी वर्षभर चालू. रापणीतही लेपे येतात, तीही किनाऱ्याकडे तळ घासतच ओढली जाते, पण ओढणारी माणसं असतात आणि ती दमतात. ट्रॉलर दमत नाही. रापणवाल्यांच्या ढिगात तारली-बांगड्यांच्या खाली दबलेले दोनचार लेपे मी पोरं उचलताना बघितलेत. ते पोरांचेच असायचे, कुणी हिशेब धरायचं नाही. आता त्यांचे वाटे लागतात.

लेप्याच्या नातेवाइकांपैकी काही तर अंगावरचे ठिपकेही जमिनीप्रमाणे बदलतात. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उष्ण समुद्रातले असे चपटे मासे बुद्धिबळाच्या पटासारख्या तळावर ठेवून बघितले, आणि काही सेकंदांत माशांनी जमेल तेवढा पट अंगावर उमटवला. हे तेच रामचंद्रन, ज्यांनी हात गमावलेल्या माणसांना आरशाच्या खोक्यात उरलेला हात दाखवून नसलेल्या हाताची वेदना कमी केली. मला त्यांचं नाव फिजिओथेरपिस्टकडून कळलं. तिनं मला रोज आरशासमोर बसवलं होतं: भुवई वर, डोळे मिट, गाल फुगव, शीळ घाल. सुरुवातीचे कित्येक दिवस उजव्या बाजूला काहीच नाही. मग एका सकाळी नाकपुडीशेजारी एवढंसं काहीतरी फडफडलं, गाळाखाली कुणीतरी हललं असावं तसं. मी स्वयंपाकघरात धावत जाऊन नवऱ्याला दाखवलं. त्याला दिसलं नाही. "दिसलं, दिसलं," म्हणाला.

त्या शिमग्याच्या दुपारी आईनं लेपे रव्यात घोळवून तळले. मिरची-मीठ, कोकमाचं आगळ, बाकी काही नाही. कडेचे पर कुरकुरीत होतात, ते आधी मोडून खायचे. मधल्या काट्यावरून मांस बोटानं सुटून येतं, लहान पोरांनाही भरवता येतं. पण त्या नसेचाच एक धागा जिभेच्या पुढच्या भागाकडे चव पोचवतो, आणि माझ्या उजव्या अर्ध्या जिभेला तेव्हा चव नव्हती. घास डावीकडे ठेवला तर तिखट, आंबट, गोडसर लेपा. उजवीकडे सरकवला की पुठ्ठा. मी तो एकच घास कितीतरी वेळ इकडून तिकडे करत बसले. समोर आई, तिला वाटलं काटा लागला.

जुलैपर्यंत चेहरा बराचसा जागेवर आला. शीळ वाजते, 'प-ब-म' नीट येतात, चव परतली. एक खोट राहिली. नस पुन्हा वाढताना तिचे धागे वाटा चुकतात; ओठाकडे जायचा एखादा डोळ्याकडे जातो. म्हणून आता मी हसले की उजवा डोळा आपोआप बारीक होतो. डॉक्टर म्हणाले, हे कदाचित असंच राहील. फोटोत मी सगळ्यांना आँख मारते आहे असं दिसतं. भाचीच्या साखरपुड्याच्या अल्बममध्ये नऊ फोटोंत तसंच आहे, आणि एकात तर समोर व्याही उभे आहेत.

गणपती गेल्यावर पुन्हा बाजारात गेले. या वेळी ओढणी नाही, गॉगल नाही. जायचं की दुसरीकडून घ्यायचं यावर रिक्षात बराच वाद घातला होता, स्वतःशीच. तीच बसली होती, तीच पाटी, कडेला लेप्यांचा वाटा. मला ओळखलं की नाही कळेना. शिमग्याचं तिला काही आठवत असेल असं तोंडावर दिसलं नाही. मीच सहा महिने ते वाक्य घेऊन फिरत होते. मी एक लेपा उचलला, परतून पांढरी बाजू बघितली. तिला ते आवडलं असावं. "कळता तुका," म्हणाली, आणि भाव सांगितला. भाव जास्त होता. मला हसू आलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हात झटकला.

"एक डोळो बारीक करून बघतंस काय? भाव पाडूक इलंस?" असं म्हणत तिनं वाट्यावर आणखी दोन लेपे टाकले.